वाचकांचे प्रश्न : ‘तो तोम’ या नावाची कुळी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशात निंबाच्या फांदीला झोके चढतात आणि ओट्यावर, पारावर पत्त्यांचे कॅट निघतात. या वेळच्या पत्रांतही पत्तेच आहेत, पण व्हिएतनामचे. अमळनेरच्या वाचकांचा पहिला प्रश्न आम्ही गेल्या अंकात नुसता छापला होता आणि उत्तर या अंकात देऊ असं म्हटलं होतं. तो वाचून बाकीचे प्रश्न आले, म्हणून सगळे एकत्र घेत आहोत.

प्रश्न (अमळनेर) : हनोईत कामाला असलेल्या भावाने तिकडचा पत्त्यांचा कॅट आणला. पानं अरुंद आणि लांब आहेत, मोजली तर १२० भरली. खेळाचं नाव ‘तो तोम’. शब्दकोशात ‘तो’ म्हणजे घरटं किंवा पूर्वज आणि ‘तोम’ म्हणजे कोळंबी असं मिळालं. पत्त्यांच्या खेळाला कोळंबीचं नाव का दिलं असावं?

कोळंबीचा या खेळाशी काही संबंध नाही. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाने कोशात ‘नाव’ शब्द पाहिला, त्याला पहिला अर्थ ‘होडी’ मिळाला आणि ‘तुमचं नाव काय’ हा प्रश्न होडीविषयी आहे असं त्याने धरलं, तर जे होईल तेच इथे झालं आहे. उच्चार सारखा असला तरी शब्द वेगळा आहे.

‘तो तोम’ हे ‘तू ताम’ या जोडशब्दाचं झिजलेलं रूप आहे. ‘तू ताम’ चिनीतून व्हिएतनामीत आला. ‘तू’ म्हणजे एकत्र येणं, गोळा होणं, आणि ‘ताम’ म्हणजे तीन. म्हणजे ‘तिघांचा मेळ’. हे तिघं कोण ते तुमच्या कॅटातच आहे. त्यात तीन रंग आहेत. आपण बदाम, चौकट, किलवर, इस्पिक म्हणतो तसे तिकडे ‘वन’, ‘साच’ आणि ‘वान’. (‘साच’मधला शेवटचा ‘च’ पुरता सुटत नाही. जीभ टाळूला लागून आवाज तिथेच अडतो, आणि ऐकणाऱ्याला ‘साइक’सारखं काही कानी पडतं.)

बोलता बोलता ‘तू ताम’चं ‘तो तोम’ झालं, आणि मग त्या नव्या आवाजाला ओळखीचा अर्थ चिकटला. व्हिएतनामी भाषा पूर्वी नोम नावाच्या लिपीत लिहीत. चिनी अक्षरांच्या धर्तीवर देशी शब्दांसाठी तयार केलेली ती लिपी होती. तिच्यात हे नाव लिहिताना ‘पूर्वज’ आणि ‘कोळंबी’ यांची चिन्हं वापरली गेली. ती फक्त आवाज दाखवण्यासाठी होती. पण लिहिलेलं अक्षर डोळ्यांसमोर राहतं आणि आवाज विरून जातो, त्यामुळे कोळंबी टिकली आणि ‘तिघांचा मेळ’ मागे पडला.

शब्दाचं मूळ शोधताना आधी शब्दकोश उघडू नये, आधी पानं मोजावीत, असं आमचं ठाम मत आहे. तुमचा कॅट मोजून बघा. तीन रंगांत १ ते ९ अशी प्रत्येकी ९ पानं, म्हणजे २७ प्रकार. त्यांत तीन सुटी पानं येतात : ‘ची ची’, ‘थांग थांग’ आणि ‘ओंग कू’, म्हणजे म्हातारबुवा. असे ३० प्रकार, आणि प्रत्येकाच्या चार प्रती. ३० गुणिले ४ म्हणजे १२०. नेमका हाच हिशेब चीनमधल्या जुन्या १२० पानी कॅटांत सापडतो : तीन रंग, नऊ आकडे, तीन सुटी पानं, चार प्रती. तिथल्या तीन सुट्या पानांतही एक ‘लाओ छ्यान’ आहे, म्हणजे ‘म्हातारा हजार’. तेव्हा घराणं एकच. माहजाँग या चिनी खेळाच्या विटाही याच घराण्यातल्या. त्यांचेही तीन रंग, नऊ आकडे आणि चार प्रती मिळून १०८ होतात. पुढे वारे आणि ड्रॅगन यांच्या २८ विटा धरल्या की १३६.

मध्य व्हिएतनामातल्या ‘बाय तोय’ या कॅटातही तेच तीन रंग, नऊ-नऊ पानं आणि तीन सुटी पानं मिळून ३० प्रकार आहेत. फक्त प्रत्येकाच्या दोनच प्रती, म्हणून पानं ६०. सणाच्या दिवसांत खोपट्यांवर बसून, गाण्यातून पानाचं नाव पुकारत जो ‘बाय चोय’ खेळला जातो तो याच पानांचा. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. म्हणजे खेळ वेगळे, प्रांत वेगळे, प्रतींची संख्याही वेगळी, पण तीन रंगांचा सांगाडा कुठेच हललेला नाही.

प्रश्न (चोपडा) : मी व्हिएतनामी थोडी शिकले आहे. ‘वन’ म्हणजे साहित्य आणि ‘साच’ म्हणजे पुस्तक. मग हा विद्वानांचा खेळ होता म्हणून रंगांना ही नावं दिली असं म्हणता येईल का?

तसं म्हणणारे व्हिएतनाममध्येही भेटतात, आणि कल्पना सुंदर आहे यात शंका नाही. तो तोम हा शिकलेल्यांचा, सावकाश बसून खेळायचा खेळ मानला जातो, त्यामुळे ती पटतेही. पण ती चुकीची आहे.

तुमच्या अर्थाला पहिला धक्का तिसरा रंगच देतो. ‘वान’ म्हणजे दहा हजार. साहित्य, पुस्तक आणि दहा हजार, हे त्रिकूट जुळत नाही. रंगांची नावं बऱ्याचदा एका जातीची असतात, आणि एक नाव जातीबाहेरचं वाटलं तर बहुतेक वेळा बाकीच्यांचा अर्थच आपण चुकीचा लावलेला असतो.

खरी जात पैशाची आहे. ‘वन’ हे नाण्याचं एकक : एक सुटं तांब्याचं नाणं. चिनी अक्षर ‘साहित्य’ला जे आहे तेच नाण्यालाही वापरतात, म्हणून गोंधळ. ‘साच’ म्हणजे दोरी, नाण्यांची सर. पुस्तकाला जो ‘साच’ आहे त्याचं मूळ अक्षर निराळं. व्हिएतनामीत येताना दोघांचा उच्चार एक झाला, इतकंच. जुन्या चिनी आणि व्हिएतनामी नाण्यांना मधोमध चौकोनी भोक असे, आणि ती दोरीत ओवून ठेवत, मोजत, देत-घेत. आपल्याकडची पुतळ्यांची माळ अंगावर घालायची, ही माळ व्यवहाराची. आणि ‘वान’ म्हणजे दहा हजार. चिनी मोजणी हजारानंतर थेट दहा हजारावर नवं नाव घेते. आपल्याकडे तिथे ‘अयुत’ हा शब्द होता, पण तो पोथीत राहिला आणि बोलण्यात आपण हजारावरून लाखावर गेलो. तेव्हा सुटं नाणं, नाण्यांची माळ, दहा हजार : खुर्दा, सर आणि रास. तिन्ही एका जातीची.

या पैशाच्या रंगांची जुनी नोंद चीनमध्ये मिंग काळातल्या लू रोंग (१४३६–१४९४) यांची आहे. त्यांनी वर्णन केलेल्या कॅटात ३८ पानं होती आणि रंग चार. सुटी नाणी १ ते ९, शेकड्याच्या माळा १ ते ९, दहा हजारांची ९ पानं, आणि चौथा रंग त्याहून मोठ्या राशींचा, ११ पानांचा. पुढच्या खेळांत हा चौथा रंग गळाला आणि तीन उरले. ‘तिघांचा मेळ’ हे नाव अशा तीनच रंग उरलेल्या कॅटालाच शोभतं. चार रंगांच्या खेळाला ते कुणी दिलं नसतं.

‘वन’ आणि ‘वान’ देवनागरीत लिहिताना जपा. पहिल्यात स्वर आखूड आणि सूर सपाट. दुसऱ्यात स्वर लांब, आणि सूर खाली जाऊन घशात तुटतो. दोन्ही ‘वान’ लिहिले तर कुठलं पान ते कळणारच नाही.

प्रश्न (यावल) : पानांवरची चिनी अक्षरं ओळखायची सोपी रीत आहे का? मुलांना शिकवायचं आहे.

आहे. व्हिएतनामी माणसं नवशिक्याला एक छोटी ओळ पाठ करायला लावतात : ‘वान वुओंग, वन चेओ, साच लोआंग ङोआंग’. अर्थ असा : दहा हजार चौकोनी, नाणं तिरपं, माळ वेडीवाकडी. पानाच्या टोकाला दोन अक्षरं असतात, एक आकड्याचं आणि एक रंगाचं. रंगाच्या अक्षराकडे बघा. आत चौकटीसारखा आकार बसलेला दिसला तर ‘वान’. खाली दोन तिरप्या रेघा फुलीसारख्या एकमेकींना छेदत असतील तर ‘वन’. आणि गाठी पडलेल्या सुतासारखं काही दिसलं तर ‘साच’. माळेला गुंत्यासारखं अक्षर, हे मुलांच्या लगेच लक्षात राहतं.

आकड्यांचं तसंच. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. चार म्हणजे बंद चौकट आणि तिच्या आत दोन पाय. आठ म्हणजे वरून सुटून दोन बाजूंना फाकलेल्या दोन रेघा, छपराच्या उतारासारख्या. सहा म्हणजे त्याच आठाच्या डोक्यावर एक आडवी रेघ आणि वर ठिपका. नवशिके सहा आणि आठ यांतच सर्वांत जास्त चुकतात, कारण हातात पानं पंख्यासारखी धरली की अंगठ्याखाली तो ठिपका झाकला जातो. म्हणून पानं धरताना वरचं टोक बोटभर मोकळं ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पाच, सात आणि नऊ मात्र पाठच करावे लागतात, त्याला युक्ती नाही.

पान वाचताना आकडा आधी आणि रंग नंतर : ‘न्ही वान’ (दोन दहा हजार), ‘ताम साच’ (तीन माळा), ‘कू वन’ (नऊ नाणी). एक ते नऊ असे म्हणा : न्यत, न्ही, ताम, तू, ङू, लुक, थत, बात, कू. बाजारात भाजी घेताना व्हिएतनामी माणूस हे आकडे वापरत नाही. तिथे मोत, हाय, बा, बोन असे देशी आकडे चालतात. पत्त्यांत चिनी आकडे, बाजारात देशी. आपल्याकडे तिथी मोजताना द्वितीया, तृतीया आणि हिशेबात दोन, तीन म्हणतो, तशीच ही वाटणी.

चित्रांकडे बघून ओळखू नका. तो तोमच्या पानांवरच्या माणसांचे कपडे जुन्या जपानी धाटणीचे आहेत आणि त्या चित्रांचा खेळाच्या हिशेबाशी संबंध नाही. मुलं चित्रं पाठ करतात आणि दुसऱ्या छपाईचा कॅट हातात आला की अडतात.

प्रश्न (भुसावळ) : आपल्यासारखी ५२ पानं व्हिएतनाममध्ये खेळतात का? त्यांच्याकडे बदाम, राणी, गुलाम यांना काय म्हणतात?

खेळतात, आणि आता हीच पानं जास्त चालतात. त्यांना ‘बाय तय’ म्हणतात. ‘बाय’ म्हणजे पत्ते, चिनीतल्या पाटी-फलक या अर्थाच्या शब्दावरून. ‘तय’ म्हणजे पश्चिम. तेव्हा पाश्चात्त्य पत्ते. तो तोमसारख्या जुन्या कॅटांना ‘बाय ता’ म्हणायचं. ‘ता’ म्हणजे आपले.

ही पानं फ्रेंचांच्या राजवटीत रुजली, म्हणून नावं फ्रेंचांची. बदामाला ‘कअ’, हे फ्रेंच ‘कर’वरून, म्हणजे हृदय. चौकटला ‘रो’, फ्रेंच ‘कारो’चं शेपूट. इस्पिकला ‘बिक’, फ्रेंच ‘पिक’वरून. शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ व्हिएतनामीला जड जातो, त्याचा ‘ब’ होतो. किलवरला ‘तेप’, फ्रेंच ‘त्रेफ्ल’वरून, आणि ‘चुओन’ असंही म्हणतात. ‘चुओन चुओन’ म्हणजे चतुर, तो पंखवाला किडा. एक्का ‘आत’ किंवा दक्षिणेत ‘आइक’, फ्रेंच ‘आस’वरून. राणी ‘दम’, फ्रेंच ‘दाम’वरून, आणि हाच शब्द गोऱ्या मडमेलाही लागला. राजाला मात्र देशी शब्द ‘झा’, म्हणजे म्हातारा.

सर्वांत बोलकं नाव गुलामाचं आहे : ‘बोइ’. साहेबाच्या घरी राबणाऱ्या पोऱ्याला इंग्रज आणि फ्रेंच दोघंही ‘बॉय’ म्हणत, त्याचं हे रूप. आपला ‘गुलाम’ अरबी, फारसीतून आलेला. दोन देश, दोन परक्या भाषा, दोन राजवटी, आणि एकाच पानावर दोघांनीही चाकराचंच नाव ठेवलं.

प्रश्न (धुळे) : सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचीही पानं १२० असतात. तो तोमचीही १२०. मग गंजिफा तिकडे गेला, की तिकडून इकडे आला?

दोन्ही नाही. बेरीज सारखी असली तरी हिशेब वेगळा आहे, आणि कुळी हिशेबावरून ठरते. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १ ते १० आणि वर राजा-प्रधान, अशी १२ पानं. १० गुणिले १२. यातलं एकही पान दुबार नाही. तो तोमच्या १२० पानांत प्रकार फक्त ३० आणि प्रत्येक पान चारदा.

खेळाची जातच यावरून बदलते. पान दुबार नसेल तर खेळ बहुधा हात करण्याचा असतो : मोठं पान छोट्याला मारतं. गंजिफा तसा, मेंढीकोटही तसा. पानं दुबार असतील तर खेळ बहुधा जोड्या लावण्याचा असतो : टाकलेलं पान उचला, हातातल्याशी जुळवा. तो तोम तसा, माहजाँग तसं, आणि आपली दोन कॅटांची रमीही तशीच. कुठलाही अनोळखी कॅट हातात आला तर आधी दुबार पानं शोधा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

गंजिफा आपल्याकडे इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधला शाह हसनकडे गंजिफ्याची पानं पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफ्याच्या आठ रंगांत ‘सुर्ख’ आणि ‘सफेद’, म्हणजे सोन्याचं आणि चांदीचं नाणं, हे दोन रंग आहेत. पत्त्यांवर पैसा दोन्हीकडे दिसतो खरा, पण आठांतले दोन रंग नाण्यांचे असणं आणि सगळेच रंग पैशाचे असणं यात फरक आहे.

एक साम्य मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. मराठीत आपण ‘पान’ म्हणतो ते ‘पर्ण’वरून आणि ‘पत्ता’ म्हणतो तो ‘पत्र’वरून. दोन्ही झाडाची पानं. व्हिएतनामीत एका पत्त्याला ‘ला बाय’ म्हणतात, आणि ‘ला’ म्हणजे झाडाचं पान. चीनमध्येही पत्त्यांच्या जुन्या खेळाचं नाव ‘पानांचा खेळ’ असंच होतं. पातळ, हलकी, बोटांत धरायची वस्तू पाहून माणसाला पानच आठवतं. इथे उसनवारी मानायची गरज नाही.

प्रश्न (जामनेर) : ‘सप साम’ हाही व्हिएतनामी पत्त्यांचा खेळ आहे असं वाचलं. त्यातला ‘साम’ आणि तो तोममधला ‘ताम’ एकच का?

एकच, पण दोन दारांनी आलेला. चिनीतला ‘तीन’ फार पूर्वी व्हिएतनामीत आला तो ‘ताम’ झाला, आणि ‘तेरा’ झाला ‘थप ताम’. पुढे कँटनी बोलणारे चिनी लोक तिकडे व्यापाराला येऊन राहिले. त्यांच्या तोंडी ‘तेरा’ म्हणजे ‘सप साम’, आणि त्यांच्या १३ पानी खेळाबरोबर तो उच्चार जसाच्या तसा आला. मराठीत ‘क्षेत्र’ही आहे आणि ‘शेत’ही, तसंच हे. खेळ असा : चौघांना १३-१३ पानं, आणि ती ३, ५, ५ अशा तीन ओळींत लावायची. मागची ओळ मधल्या ओळीपेक्षा वरचढ आणि मधली पुढच्या तीन पानांपेक्षा वरचढ असावी लागते. क्रम चुकला तर हात बाद.

उलट ‘तिएन लेन’ या दुसऱ्या व्हिएतनामी पत्त्यांच्या खेळाचं नाव मिश्र आहे. ‘तिएन’ (पुढे सरकणं) चिनी मुळाचा, ‘लेन’ (वर) देशी. आपल्या ‘रेल्वेगाडी’सारखा जोड.

प्रश्न (शहादा) : हा कॅट इथे मिळत नाही. आखाजीला चौघं बसून खेळता येईल असं काही सांगा. आपल्या पत्त्यांतून तो तोम तयार होईल का?

होईल. पण तो तोमला पाच जण लागतात आणि नियम फार. त्याचंच धाकटं भावंड ‘चन’ चौघांचं आहे, ते घ्या. (‘च’ इथे ‘चहा’तला.) त्याची पानं १००. तो तोममधून तिन्ही रंगांचे एक्के आणि दोन सुटी पानं काढली की २५ प्रकार उरतात, गुणिले ४.

एकाच छापाचे, एकाच पाठीचे चार कॅट घ्या. प्रत्येकातून बदाम, चौकट आणि किलवर यांची २ ते ९ पानं काढा. २४ पानं, चार कॅटांची ९६. ‘ची ची’साठी प्रत्येक कॅटातला इस्पिकचा एक्का घ्या, झाली १००. जोकर वापरू नका. एकाच कॅटातले दोन जोकर बहुधा वेगळे छापलेले असतात, आणि ‘ची ची’ तर चारही हुबेहूब हवीत. बदाम म्हणजे वान, चौकट म्हणजे वन, किलवर म्हणजे साच असं ठरवून कागदावर लिहून मध्ये ठेवा. पाच जण जमले आणि तो तोमच करायचा असेल तर एक्क्यापासून नव्व्यापर्यंत घ्या (१०८) आणि तीन सुट्या पानांसाठी इस्पिकचे राजा, राणी, गुलाम (१२). १२० पुरी झाली.

१०० पानं एकदम पिसायला जाऊ नका, हातात मावत नाहीत, आणि मागच्या डावातल्या जोड्या जोडीनेच चिकटून राहतात. निम्मी निम्मी पिसा, अदलाबदल करा, पुन्हा पिसा. निदान तीनदा. मग पाच ढीग करा, प्रत्येकी १९, आणि उरलेली ५ पानं एका ढिगावर ठेवा. तो २४ पानांचा ढीग म्हणजे ‘नोक’, मधली गड्डी. बाकी चार ढीग चौघांचे. सुरुवात करणारा गड्डीतून एक पान घेतो, त्याच्याकडे २० होतात आणि गड्डीत २३ राहतात. वाटून झाल्यावर गड्डी मोजाच. २३ नसतील तर डाव मोडून पुन्हा वाटा. अर्ध्या डावात कळलं तर तंटा होतो.

हात असा लावा. तंतोतंत सारखी दोन पानं (बदाम सत्ता आणि बदाम सत्ता) म्हणजे ‘चन’. खेळाचं नाव यावरूनच. आकडा तोच पण रंग वेगळा (बदाम सत्ता, किलवर सत्ता) म्हणजे ‘का’. जोडी नसलेलं पान ‘क्वे’, शब्दशः लंगडं. हातात चन डावीकडे, का मधे, लंगडी उजवीकडे. ‘ची ची’चा आकडाच नाही, म्हणून तिचा चन होतो, का कधीच होत नाही. एकटी ‘ची ची’ घट्ट धरून बसणं ही नवशिक्याची नेहमीची चूक.

सुरुवात करणारा एक पान टाकतो. पुढच्याने ते आपल्या हातातल्या पानाशी जुळवून खावं, जोडी समोर उघडी मांडावी आणि एक लंगडं पान टाकावं. जुळत नसेल तर गड्डीतलं एक पान उलटवून समोर ठेवावं. ते त्याला चाललं तर खातो, नाहीतर पाळी पुढे. पाळी कोणत्या बाजूने फिरेल ते आधी ठरवा. पाळी तोडायची मुभा एकालाच : हातात तीन सारखी पानं असताना चौथं बाहेर पडलं तर कुठूनही ‘चिऊ’ म्हणून ते उचलता येतं.

२० पानांच्या १० जोड्या लागल्या आणि त्यात निदान ६ चन असले की डाव लागला, ‘ऊ’ म्हणायचं. शेवटचं पान गड्डीतून उलटलेलं असावं, दुसऱ्याने हातातून टाकलेलं चालत नाही. चन पाचच असतील तर दहाही जोड्या लागून उपयोग नाही, म्हणून पहिल्या पाच-सहा पाळ्यांत चन मोजत राहा आणि का खाण्याची घाई करू नका. गड्डी संपली आणि कुणाचाच लागला नाही तर डाव बरोबरीत.

दंड कशाला, हे आधी सगळ्यांना सांगा, कारण भांडणं इथेच होतात. चन करता येत होता तेव्हा पान सोडलं आणि नंतर तेच पान का म्हणून खाल्लं, तर दंड. एक का खाऊन लगेच दुसरा का फोडून टाकला, तरी दंड. आणि ‘ऊ’ म्हटल्यावर आपला हात कोणत्या प्रकारचा आहे ते मोठ्याने पुकारावं लागतं. याला ‘सुओंग’ म्हणतात, तेही चिनीतूनच, गाऊन पुकारणं. सगळी पानं काळी असतील तर ‘बाक दिन्य’ (बाक म्हणजे पांढरं, लाल न लागलेलं), लाल नेमकी आठ असतील तर देशी शब्दांत ‘ताम दो’, आठ लाल. या ‘ताम’मधला आठ देशी आहे, तो तोममधला तीन नव्हे. स्वर तोच, पण सूर वर चढणारा. आपल्या बनवलेल्या कॅटात बदाम-चौकट लाल असल्याने हे दोन प्रकार जुळणार नाहीत, ते सोडून द्या. पहिल्या दिवशी नुसतं ‘ऊ’ पुरे. गुण मोजायला चिंचोके घ्या, पैसे नकोत : चार जणांना २५-२५ चिंचोके, लागलेल्या डावाला बाकी तिघांकडून एकेक, आणि दंड झाला तर चुकणाऱ्याने तिघांना एकेक द्यायचा.